डोंगरीची वाट

भाईंदर स्थानक सुटल्यावर उत्तरेकडे जाणारी आगगाडी वसईच्या खाडीवरील पुलावर चढते. मध्ये पाणजू बेट लागते, पुन्हा पूल येतो, आणि डब्यातील प्रवासी वर्तमानपत्राचे पान उलटतो न उलटतो तोच खाडी मागे पडते. १८६४ साली मुंबई-बडोदे लोहमार्ग या पाण्यावरून गेला, तेव्हापासून हे असेच चालले आहे. याच खाडीच्या मुखावर ताबा मिळविण्यासाठी १७३७ पासून १७३९ पर्यंत दोन सत्ता हातघाईवर आल्या होत्या, हे त्या प्रवाशास सांगूनही सहसा पटावयाचे नाही. आगगाडीने अंतर जिंकले खरे. परंतु भूमीचा चढउतार, वाऱ्याची दिशा, टेकडीवरून दिसणारे आणि टेकडीआड दडणारे पाणी, म्हणजे ज्यांवर लढाया जिंकल्या आणि हरल्या जातात त्या गोष्टी, तिने प्रवाशाच्या दृष्टीआड केल्या. त्या पुन्हा पाहावयाच्या असतील, तर भाईंदरला उतरून पश्चिमेची वाट धरावी, आणि शक्य असेल तर ती सायकलवरून धरावी.

सायकल, अथवा जुन्या मराठीत जिला पायगाडी म्हणत, ती गुळगुळीत डांबरी रस्त्यासाठी निर्माण झाली, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात आजच्या घडणीची सायकल प्रचारात आली आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव काढली, त्या वेळी डांबरी रस्ते क्वचितच होते. मॅकॅडमच्या पद्धतीने बारीक खडी दाबून बसविलेली सडक हीच तेव्हा उत्तम सडक गणली जाई. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेसाठी सायकलींवरून निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. इराण-इराककडील त्यांच्या वाटेत वाळू आणि धोंडे यांचाच भरणा अधिक होता. अलीकडे रुंद धावेच्या सायकली घेऊन खडीमुरमाच्या वाटा शोधीत डोंगरांतून व जुन्या गावांतून हिंडण्याचा छंद तरुण मंडळीत वाढत आहे. त्यास नवी टूम म्हणण्यापेक्षा हे वाहन आपल्या मूळ वाटेवर परतले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

भाईंदरपासून मिठागरांच्या बाजूने निघालेला रस्ता मुर्धे, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत डोंगरीस येतो. या साऱ्या भूभागाचे जुने नाव धारावी बेट. मुंबईतील दाट वस्तीच्या धारावीशी त्याचे केवळ नामसाम्य आहे. उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस मनोरीची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा त्याच्या सीमा. हमरस्ता आज डांबरी आहे. पण टेकड्यांकडे वळलेल्या वाटांवर मुरूम आणि सुटे दगड चाकाखाली करकरू लागतात, आणि स्वारास वेग आवरून जमिनीकडे लक्ष द्यावे लागते.

ती जमीन लक्ष देण्याजोगीच आहे. सह्याद्रीचा बहुतेक भाग ज्या लाव्हारसाने घडला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. डोंगरीच्या टेकडीचा दगड मात्र त्याहून वेगळा आहे. तो रायोलाइट नावाचा असून, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय संशोधनाने त्याचे वय सुमारे ६ कोटी २६ लाख वर्षे ठरविले. म्हणजे दख्खनचा महाप्रचंड अग्निप्रलय ओसरल्यानंतर लाखो वर्षांनी या किनाऱ्यावर पुन्हा लाव्हा उफाळला, त्याची ही खूण होय. येथील थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस कललेले आहेत. दगड हे या प्रांताचे जुने धनही होते. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या परिसरातील कठीण पाषाण गलबतांत भरून गोव्यापर्यंत जाई. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूस चर्चच्या बांधकामात तो वापरलेला आहे.

डोंगरीहून उत्तन, आणि उत्तनहून पाली व चौक या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांकडे वाट जाते. चौकाच्या अंगास धारावी देवीचे स्थान आहे आणि धारावीच्या कोटाचे अवशेषही आहेत. अवशेष फार थोडे. केवळ बांधकाम पाहावयास आलेल्या मनुष्याची येथे निराशाच व्हावयाची. परंतु चढ चढून आल्यावर श्वास घेण्यासाठी जो क्षणभर थांबतो, त्याच्या दृष्टीपुढे खाडीचे मुख उघडे होते आणि पैलतीरी वसईचा कोट दिसतो. कोट येथेच का बांधला, याचे उत्तर त्या एका दृष्टिक्षेपात मिळते.

पोर्तुगीजांनी १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळविली. पुढे दोनशे वर्षे ते त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे होते. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीचा मोठा भाग त्यांच्या हाती आला; वसई मात्र येईना. त्या किल्ल्यास समुद्राचा आणि खाडीचा आधार होता. जमिनीच्या बाजूने मोर्चे कितीही पुढे सरकविले, तरी खाडीतून गलबते येत राहिली की दाणागोटा, दारूगोळा आणि माणसे आत जात राहणार. येणाऱ्या प्रत्येक गलबतास धारावीच्या नजरेखालून जावे लागे. म्हणून या लहानशा ठाण्यासाठी दोन्ही पक्षांनी जिवापाड झुंज दिली, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले.

१७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पांनी उत्तर कोकणात निकराची मोहीम चालविली. जानेवारीत माहीम पडले. तारापूरही पडले, पण त्या हल्ल्यात बाजी भीवराव कामास आले. बाजीराव पेशव्यांचा हा जिवलग गेल्याचे दुःख पुण्यास मोठे झाले. मार्चमध्ये धारावी कायमची मराठ्यांकडे आली, वेसावेही आले, आणि वसईचा श्वास कोंडला. मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सेबास्टियन बुरुजाजवळ तटास खिंडार पडले. दोन्ही बाजूंची माणसे शेकड्यांनी पडली. अखेरीस कायतानु द सौझा परेरा या सेनानीने शरणागतीचा तह केला.

या तहाचे कलम वाचताना आजच्या वाचकास थांबावेसे वाटते. पराभूत सैन्यास आणि त्यांच्या कुटुंबांस सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपला धर्म पाळण्याचे आश्वासन मिळाले. पोर्तुगीज अमदानीत हिंदू देवळांवर जे ओढवले होते ते ताजे असताना विजेत्याने हे मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे. तिचा पुरावा दप्तरात शोधावयास नको. डोंगरीत बेथलेहेमच्या मातेची चर्च आहे. उत्तन, पाली, चौक येथील कोळी आजही आपल्या प्रार्थनामंदिरांत जातात आणि घरी मराठी बोलतात. त्याच वाटेवर देवीचे स्थान आहे आणि चिमाजी आप्पांचे स्मारकही आहे. शाळेच्या पुस्तकात हे दोन पक्ष दोन स्वतंत्र प्रकरणांत भेटतात. येथे एका चढावर, थोड्याच अंतराने, दोघांचीही खूण चाकाजवळून जाते.

पुढचा टप्पा पाण्यावरचा. २०२४ साली भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. सायकल बोटीवर चढवून खाडी ओलांडणारास वसईचा कोट समुद्राकडून येणाऱ्या गलबताप्रमाणे सामोरा येतो. आत पडक्या चर्चच्या भिंती आणि तटाची दगडी चिरेबंदी अजून उभी आहे. त्या चर्चमधील घंटा पुढे देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास आणि वाईजवळील मेणवलीस अशा घंटा पाहावयास मिळतात.

ज्यांच्या पायांत बळ शिल्लक असेल, त्यांनी वसईहून पूर्वेस वळावे. तुंगारेश्वराचा डोंगर दोन हजार फुटांहून उंच आहे. त्याच्या पायथ्याच्या रानातून पारोळच्या बाजूस कच्ची वाट निघते. हे रान अभयारण्य असल्याने वनखात्याचे नियम पाळूनच तीत शिरावे. पारोळच्या पुढे वज्रेश्वरी लागते. वसई हाती आली तर देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला होता, अशी परंपरा आहे. टेकडीवरचे ते देऊळ भोवतालच्या तटबंदीमुळे लहानशा किल्ल्यासारखे दिसते. धारावीच्या कोटावर सुरू झालेली कथा अशा रीतीने देवळाच्या पायऱ्यांशी येऊन पुरी होते.

परंतु या वाटेचा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या गाड्यांचे आगार करण्याची योजना पुढे आली आणि त्यासाठी हजारो झाडे तोडावी लागणार असे दिसताच, २०२५ साली गावकऱ्यांनी व इतर नागरिकांनी आक्षेप घेतले. वाढत्या शहरास गाड्या पाहिजेत आणि गाड्यांस आगारही पाहिजे, हे कोणी नाकारणार नाही. भाईंदरहून रोज लोंबकळत मुंबईस जाणाऱ्या माणसाची गरज खरी आहे. मात्र हिशेब मांडताना एक रकमेची नोंद सुटू नये. जेथे तट आणि बुरुज शाबूत आहेत, तेथे इतिहास दगडांनी सांगता येतो. धारावी बेटावर दगड थोडेच उरले आहेत. तेथे चढ, उतार आणि टेकडीवरून दिसणारे पाणी हेच इतिहासाचे मूळ कागद होत. पडलेला बुरुज जुन्या नकाशावरून पुन्हा उभारता येईल. खणून सपाट केलेली टेकडी कोणत्याही खात्यास पुन्हा उभारता येणार नाही.

तोपर्यंत मुरमाची वाट आहे, आणि ती कोणासही मोकळी आहे. भाईंदरला उतरून एखाद्या हिवाळ्याच्या सकाळी दोन तास खर्चिले, तर खाडी ओलांडण्यास आगगाडीला लागणाऱ्या त्या थोड्या मिनिटांचे मोल किती, हे चढाच्या माथ्यावर उभे राहिल्यावर नीट कळते.