छायाचित्रांचा प्रताधिकार (भारत)

छायाचित्रांचा प्रताधिकार म्हणजे छायाचित्राची प्रत काढणे, ते प्रसिद्ध करणे व लोकांपर्यंत पोहोचविणे यांविषयीचा कायद्याने दिलेला अनन्य हक्क होय. भारतात तो प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये मिळतो. छायाचित्र ही या अधिनियमाच्या दृष्टीने कलाकृती असून तिच्यात कलागुण असलाच पाहिजे अशी अट नाही. हक्क छायाचित्र काढताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. आंतरजालावर जे दिसते ते वापरण्यास मोकळे आहे, या गैरसमजातून अनेक वाद उद्भवतात. अजिंक्यतारा किंवा सांगलीचे गणपती मंदिर या जुन्या वास्तूंवर कोणाचा प्रताधिकार नाही, परंतु तेथे अलीकडे काढलेल्या छायाचित्रावर तो असतो. कास पठारावरील फुलांच्या छायाचित्रांनाही हेच लागू होते.

मालकी व मुदत

छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती व सर्वसाधारणपणे पहिली मालक असते. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो (कलम १७). म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांवर मालकी स्टुडिओची नव्हे, तर पैसे देणाऱ्या यजमानाची असते. ही गोष्ट दोन्ही पक्षांना अनेकदा ठाऊक नसते. पूर्वी मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वाढली.

चित्रित व्यक्तीची संमती

प्रताधिकार छायाचित्रकाराचा असला तरी चित्रातील व्यक्तीच्या संमतीचा प्रश्न वेगळा उरतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात तो ठळकपणे पुढे आला. स्थानिक छायाचित्रकाराने आपले छायाचित्र संमतीविना शटरस्टॉक या संकेतस्थळावर ठेवले आणि पुढे महाराष्ट्रासह काही राज्य शासनांच्या जाहिरातींत ते झळकले, अशी एका ग्रामीण स्त्रीची तक्रार होती. समाजमाध्यमांच्या काळात हा प्रश्न गंभीर असल्याचे नमूद करून न्यायालयाने प्रतिवादींकडून उत्तर मागविले. त्याच वर्षी, सांगली येथे जन्मलेल्या गायिका आशा भोसले यांना नाव, आवाज व छायाचित्रे यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. तो वाद प्रताधिकारापेक्षा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा होता.

उल्लंघन व उपाय

टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन व खाजगी अभ्यास यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. ‘साभार : गूगल’ असे लिहिल्याने परवानगी मिळत नाही, गूगल हे शोधयंत्र आहे, छायाचित्राचा मालक नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील छायाचित्र परवान्याच्या अटी पाळून वापरता येते व त्यात कर्त्याचा नामनिर्देश ही सर्वसाधारण अट असते.

हक्कधारकाने संकेतस्थळाच्या चालकाकडे लेखी तक्रार केल्यास प्रताधिकार नियम, २०१३ नुसार चालकाने समाधान झाल्यावर ३६ तासांत ते छायाचित्र रोखणे अपेक्षित असते. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ते पुन्हा खुले करता येते. जाणीवपूर्वक केलेले उल्लंघन हा गुन्हा असून त्यास ६ महिने ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या छायाचित्रकारास कलम ६२ विशेष उपयोगी आहे. हक्कधारक जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात त्याला दावा लावता येतो. त्यामुळे परगावच्या कंपनीविरुद्धही साताऱ्यात किंवा सांगलीत दाद मागता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट खंडपीठ कार्यरत झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.