जमिनीखालून वाहणारे पुणे

१/ कालव्यांचे शहर म्हटले की व्हेनिस, ॲम्स्टरडॅम ही नावे आठवतात. पेशवेकालीन पुणेही कालव्यांवर जगत होते. ते कालवे जमिनीखाली असल्याने सहसा लक्षात येत नाहीत. मित्रहो, आजचा थ्रेड त्या पाण्याच्या वाटेने शहर पाहण्याविषयी.

२/ मुठा शेजारी असताना पाणी दुरून का आणले? नदीचे पात्र सखल आणि पेठा उंचावर. दक्षिणेचे कात्रज मात्र पेठांहूनही उंच. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास तेथे तलाव बांधून पाणी शहराकडे वळवले.

३/ कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत चुन्यात बांधलेला बंदिस्त नळ होता. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा. उतार असा साधला होता की पाणी आपोआप वाहत राही. वाटेत हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते.

४/ पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाहून सदाशिव पेठेच्या हौदात, तर सरदार रास्ते यांनी कोंढव्याहून रास्ता पेठेत पाणी आणले. पेठांची वस्ती अशा हौदांभोवती वाढली.

५/ भटकंतीला पर्वतीपासून आरंभ करावा. पायथ्याच्या रमण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जाई. शेजारची सारसबाग म्हणजे नानासाहेबांच्या तळ्याची जागा. म्हणूनच तेथील गणपती ‘तळ्यातला’. तळे बुजले, गणपती राहिला. बागेसमोरच्या गाड्यांवरची पावभाजी खाऊन मगच पुढे निघावे.

६/ वाटेत काळा हौद, बदामी हौद ही नावे भेटतात. शेवटी शनिवारवाडा. १८२८ च्या आगीत लाकडी महाल जळाले, तरी हजारी कारंजे पाहता येते: सोळा पाकळ्यांचे दगडी कमळ. अभियांत्रिकी आणि शिल्पकला येथे एकत्र भेटतात.

७/ मात्र पाणी हौदापर्यंत पोहोचले, तरी ते प्रत्येकाच्या घागरीपर्यंत पोहोचत नव्हते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना सार्वजनिक हौदावर पाणी भरता येत नसे. डोंगरावरून कोसांचे अंतर कापून आलेले पाणी जातीच्या काठाशी अडत होते.

८/ म्हणून ही भटकंती गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यात संपवावी. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नळाने अंतर जिंकले होते. येथे माणसामाणसांतील अंतर मिटवण्याचा आरंभ झाला. कारंज्याएवढेच हेही पुण्याच्या जलवारशाचे स्थळ आहे.

९/ १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवे झाले, तसे जुने नळ मागे पडले. त्यांतले काही भाग आजही रस्त्यांखाली आहेत आणि खोदकामात तुटण्याचा धोका त्यांना आहे. जुना हौद दिसला तर दोन प्रश्न विचारा: पाणी कोठून आले? आणि ते कोणाला भरता येत होते?