तीन दांड्यांची जीप

जुन्या जीपला तीन दांडे असतात. एक गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना कामाला लावणारा, तिसरा हाय-लोचा. पैकी पहिला हटून बसला की उरलेले दोघे बघ्याची भूमिका घेतात.

हा हट्ट लष्करी. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड यांनी लढाईसाठी सहा लाखांवर जीपा काढल्या. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जुळणी सुरू केली, आणि शिपायांसाठी जन्मलेली ही गाडी आमच्या शिरोळात उसाच्या फडाकडे निघाली. स्वभाव मात्र तोच. तीन गिअरच्या पेटीत पहिल्याला सिंक्रोमेश नाही. गाडी थांबल्याशिवाय तो सुखासुखी पडत नाही, पडलाच तर ओरडत पडतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वडिलांची जीप बुडाली. पाणी उतरलं, पण दांडा हलेना. घरच्यांनी भंगाराचा भावही काढला. मिस्त्री म्हणाले, "इंजिन बंद करून गिअर टाका की! सहज पडला तर दोष क्लचचा. तरीबी अडला तर दांड्याचा, नायतर तेलाचा."

अडला. पेटीचं खालचं बूच काढलं, तर आतून वाडीच्या बासुंदीसारखं दुधाळ तेल! वर दांड्याच्या मुळाशी गोळा गंजलेला. तो घासला, ग्रीस लावलं, पेटी धुऊन नव्वद नंबरचं तेल भरलं. दांडा निमूट पहिल्यात गेला.

भंगारवाला आला तेव्हा वडील जीप घेऊन फडावर गेले होते. पाण्यानं बिघडलेलं पान्यानं सुधारतं. फक्त वस्तू उघडता येणारी हवी.