इंटिजर ओव्हरफ्लो : लिनक्स कर्नलमधील दुरुस्ती

ठरलेल्या बिटांत न मावणारी संख्या तयार झाल्यावर उद्भवणारा दोष. बिनचिन्ही पूर्णांक शून्यावरून पुन्हा सुरू होतो, चिन्हांकित पूर्णांक बहुधा एकदम ऋण होतो. मेमरी, फाइली आणि घड्याळ कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्याच, हाती असल्याने तिथे हा दोष विशेष घातक ठरतो.

कालगणना : युनिक्स परंपरेत वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत मोजतात. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील 30 सप्टेंबर 1993 चा पहाटे 3.56 चा भूकंप या मापात 74,93,41,560 व्या सेकंदाला येतो; मराठवाडा मुक्तीचा 17 सप्टेंबर 1948 हा दिवस उणे 67 कोटींच्याही मागे. 32 बिटी चिन्हांकित पूर्णांकाची कमाल किंमत 2,14,74,83,647. भारतीय वेळेनुसार 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्याच सेकंदाला असे घड्याळ डिसेंबर 1901 दाखवू लागेल.

पूर्णांक नुसता 64 बिटी करून भागत नाही, कारण जुने प्रोग्रॅम 32 बिटी उत्तरच धरून चालतात. म्हणून जुने सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या विनंत्या) तसेच ठेवून शेजारी नवे 64 बिटी दिले गेले (आवृत्ती 5.1, 2019). ही मोहीम मुख्यतः आर्न्ड बर्गमन यांनी अनेक वर्षे नेटाने चालवली. फाइलींच्या कालनोंदी 64 बिटी करण्याचे किचकट काम दीपा दिनमणी यांचे (4.18, 2018); त्याची दखल मात्र कमी घेतली जाते. 32 बिटी यंत्रांसाठी 5.6 (2020) ही 2038 साठी पहिली सज्ज आवृत्ती मानतात. ओपनबीएसडी या युनिक्सवर्गी प्रणालीने मात्र 2014 मध्ये जुन्या प्रोग्रॅमांची पर्वा न करता एका फटक्यात हा बदल केला.

मेमरीवाटप : नगसंख्या गुणिले आकार हा गुणाकार मर्यादेबाहेर गेला की जागा तोकडी मिळते आणि लिखाण शेजारच्या मेमरीत घुसते. 2018 मध्ये केस कुक यांनी असे उघडे गुणाकार मोठ्या प्रमाणावर काढून तपासणी करणारी फंक्शने बसवली.

मतभेद : हॅशसारख्या (माहितीचा संख्यारूप ठसा काढणाऱ्या) गणितांत संख्या मुद्दाम फिरू देतात, त्यामुळे सरसकट तपासणीला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा विरोध आहे.



उरलेले काम : 128 बाइटी आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) असलेल्या, ईएक्सटी4 या फाइलरचनेच्या जुन्या डिस्कवर कर्नल बदलूनही 2038 ची मर्यादा कायम राहते, आयनोड 256 बाइटी असावे लागतात.