टर्की उतरल्यानंतर

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत एक तपकिरी भुकटी पुड्यांतून विकली जाऊ लागली. ब्राऊन शुगर, बोलीत गर्द. पन्नीवर चिमूटभर टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. पुडी चुकली की अंग मोडून येई, नाकाडोळ्यांतून पाणी वाही, उलट्या-जुलाब होत, रात्र रात्र झोप नसे. गर्दुल्ले या हालांना ‘टर्की’ म्हणत. पुढेपुढे मौजेसाठी नव्हे, ती टर्की टळावी म्हणूनच पुडी लागे.

लेखक अनिल अवचट या व्यसनात अडकलेल्या मुलांमध्ये हिंडले आणि त्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे हेलावले, त्यांनी या मुलांच्या उपचारांसाठी एक लाख रुपये देऊ केले. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा 1985 मध्येच आला होता आणि त्यात सेवन करणाऱ्यालाही शिक्षा होती. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी या मुलांना गुन्हेगार न मानता रुग्ण मानलं. 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

टर्की आठवडा-दहा दिवसांत बरीचशी ओसरते. पोरगं जेवू लागतं, हसू लागतं आणि घरच्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. खरं काम तिथून पुढे असतं. मेंदूला लागलेली ओढ शरीराच्या मागून, फार सावकाश कमी होते. जुना मित्र, जुना नाका, पगाराचा दिवस, एवढंही तिला पुरतं. म्हणून मुक्तांगणात पस्तीस दिवस राहायचं: योगासनं, साफसफाई, गाणी, गटात बसून स्वतःबद्दल खरं बोलणं. आणि घरी गेल्यावर फॉलोअप. तो टाळणारा धोक्यात असतो.

बोलतं करायला बरे झालेलेच पुढे आले. व्यसनातून सुटलेल्यानेच दुसऱ्याला हात द्यायचा, या विचाराची मुळं अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात आहेत. 1935 मध्ये तिथे बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत राहिले आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. मुक्तांगणातही कालचा रुग्ण कार्यकर्ता झाला. नव्याने आलेल्याची थाप त्याला लगेच कळते. त्याच थापा त्यानेही मारलेल्या असतात.

बायकांचा विचार झाला, हे मला या संस्थेचं सगळ्यात मोठं काम वाटतं. वर्षानुवर्षं मार, कर्ज आणि अबोला सोसलेल्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. नवऱ्याने व्यसन सोडलं म्हणून तिची भीती त्याच दिवशी सुटत नाही.

कर्करोगाशी झगडत काम करणाऱ्या डॉ. अनिता 1997 मध्ये गेल्या. धुरा त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी घेतली.

बरा झालेला माणूस पुन्हा घसरला, तर तिथे त्याला ‘स्लिप’ म्हणतात, आणि उपचार पुन्हा सुरू होतात. तुमच्या घरात असं झालं, तर दार लावून घेऊ नका. त्याला परत उपचाराला घेऊन जा.