बाणाग्राची धार व जुळणी

बाणाग्राची धार व जुळणी : कप्पी नसलेल्या पारंपरिक धनुष्याने, म्हणजे लाँगबो किंवा रिकर्व्हने, शिकार करणारे तिरंदाज बाणाच्या टोकाला रुंद, धारदार पोलादी पाते बसवतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत त्याला ब्रॉडहेड म्हणतात. हे पाते बाणाच्या काडीशी नेमके एका रेषेत बसवणे आणि त्याची धार तयार करणे ही दोन कामे या नोंदीचा विषय आहेत. ग्रंथांत धारेवर पुष्कळ लिहिलेले सापडते, जुळणीवर मात्र चार ओळी. कामाचा क्रम याच्या उलट आहे. वाकडे बसलेले पाते कितीही तीक्ष्ण असले तरी ते जनावराच्या योग्य जागी पोचत नाही.

गरज. बंदुकीची गोळी ऊर्जेच्या धक्क्याने मारते, बाण रक्तस्रावाने. सुमारे ३५ ग्रॅम वजनाचा बाण पारंपरिक धनुष्यातून सेकंदाला ५० ते ५५ मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा ५० जूलच्या आसपास भरते. हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या साधारण रायफलच्या गोळीची ऊर्जा हजारो जूल असते. एवढ्या थोड्या ऊर्जेत काम व्हायचे तर पात्याने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या स्वच्छ कापल्या पाहिजेत. धार बोथट असेल तर लवचीक वाहिनी न कापता बाजूला सरकते, जनावर जखमी होऊन पळते आणि तासन् तास तळमळते. म्हणून बोथट पात्याने बाण सोडणे ही निव्वळ क्रूरता आहे, आणि जाणते तिरंदाज ते अक्षम्य मानतात.

इतिहास. आधुनिक अमेरिकी धनुष्य-शिकारीचा धागा इशी या याही जमातीच्या माणसापर्यंत जातो. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे एकटाच आढळला. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप याने त्याच्याकडून धनुष्यबाण शिकून घेतला. इशी ज्वालाकाचाची (ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेची) आणि बाटलीच्या काचेची टोके दाबून टवके काढत घडवी व प्राण्याच्या स्नायुतंतूंनी काडीला बांधी. पोपने पोलादी पात्याची आणि ज्वालाकाचाच्या टोकाची तुलना हरणाचे कातडे व जनावराचे यकृत यांच्यावर करून पाहिली, तेव्हा काचेचे टोक अधिक खोल गेले. शल्यक्रियेतल्या पात्याची पारख असलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळली : बाणाग्राच्या बाबतीत धातूपेक्षा कडेची तीक्ष्णता निर्णायक असते. स्वतःसाठी मात्र पोप आणि त्याचा साथी आर्थर यंग यांनी पोलादच निवडले. सपाट पाते नळीत बसवून ते झाळीत. पोपचे ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हे पुस्तक १९२३ मध्ये निघाले आणि त्यानंतरच्या बहुतेक लेखनाचा पाया ठरले.

पुढच्या पिढीत हॉवर्ड हिल (१८९९–१९७५) याने पात्याची लांबी रुंदीच्या तिप्पट असावी हा दंडक रुजवला. असे पाते टोकाशी सुमारे १९ अंशांचा कोन करते आणि पाचरीप्रमाणे थोड्या बळात खोल शिरते. हिल फक्त कानशीने धार लावी. त्याची भूमिका ‘हंटिंग द हार्ड वे’ (१९५३) या पुस्तकात मिळते. फ्रेड बेअर याचे रेझरहेड १९५६ मध्ये बाजारात आले. त्यात मुख्य दोन पात्यांना आडवे असे एक पातळ, बदलता येणारे ब्लेड सरकवता येई. १९८० च्या दशकात एड ॲशबी याने आफ्रिकेतील नाताळ प्रांतात आणि नंतर ऑस्ट्रेलियात, मुख्यतः मेलेल्या मोठ्या जनावरांवर बाण सोडून नोंदी ठेवल्या. एकाच बाजूने घासलेल्या पात्याचा आजचा प्रसार बव्हंशी त्याच्या लेखनामुळे झाला.

प्रकार. दोन धारांचे, तीन धारांचे, चार धारांचे. हवेत मिटलेली आणि आदळताच उघडणारी यांत्रिक बाणाग्रे पारंपरिक तिरंदाज सहसा वापरत नाहीत.

जुळणी. बाणाच्या शेपटीकडची पिसे त्याला सरळ ठेवतात. पुढचे रुंद पातेही हवेला पिसाप्रमाणेच कापते, फक्त ते गुरुत्वमध्याच्या पुढे असते. ते अर्धा अंश जरी कलले, तरी हवा त्याला एका बाजूला ढकलते आणि पाते बाणाला आपल्यामागे ओढत नेते. सरावाच्या गोल टोकाने अचूक बसणारा बाण पाते लावल्यावर अचानक हातभर बाजूला जातो, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. पिसे मोठी, पाच इंचांची व पिळाने चिकटवलेली ठेवण्याची प्रथा यावरच उपाय म्हणून आली. पण पिसे चूक झाकतात, दुरुस्त करत नाहीत.

लाकडी काडीसाठी पोर्ट ऑरफर्ड सीडर हे लाकूड पूर्वीपासून नावाजलेले आहे. काडीचे पुढचे टोक पेन्सिलीसारखे, पण ५ अंशांच्या कोनात निमुळते करतात. मागच्या खाचेसाठी हा कोन ११.५ अंश असतो. पात्याची नळी आतून त्याच ५ अंशांची असते. निमुळते टोक काडीच्या मध्यावर कापले गेले नाही किंवा त्याला बारीक पैलू पडले, तर नळी एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. हे तपासायला नळीच्या आत मऊ पेन्सिलीची किंवा दिव्याच्या काजळीची पूड फिरवतात, काडी कोरडीच दाबून अर्धा फेरा वळवतात आणि बाहेर काढतात. लाकडावर काळा पट्टा सगळीकडून सारखा उमटला तर टोक बरोबर. फक्त ठिपके उमटले तर तेवढेच उंचवटे बारीक पॉलिश कागदाने उतरवायचे आणि पुन्हा पाहायचे. काडी मुळात सरळ नसेल तर हा सारा खटाटोप वाया जातो, म्हणून ती आधी डोळ्यासमोर धरून, ऊब देऊन, बोटांनी सरळ केलेली असावी लागते.

चिकटवायला उष्णतेने वितळणारा कांडीचा गोंद चांगला, कारण तो पुन्हा मऊ करता येतो. दोन घटकांचा इपॉक्सी अधिक घट्ट धरतो, पण एकदा सुकला की चूक कायमची होते. गोंद ज्योतीवर मऊ करून टोकाला पातळ फासतात, नळी थोडी तापवतात आणि पात्याचे टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवून काडी दाबून बसवतात. ज्योत पात्याच्या धारेवर कधीही येऊ देऊ नये. पोलाद निळे पडले की त्याचा पाणीदारपणा गेला, मग त्या जागी धार टिकत नाही.

गोंद मऊ असतानाच बाण फिरवून पाहतात. पात्याचे टोक कठीण लाकडावर टेकवून काडी उभी धरतात आणि दोन बोटांच्या चिमटीत भोवऱ्यासारखी गरगर फिरवतात. नजर टोकावर नको, नळी आणि काडी जिथे मिळतात तिथे हवी. तिथे धूसर कडा दिसली किंवा बोटांना थरथर जाणवली तर पाते वाकडे आहे. काही जण यासाठी चाकांवर आडवी ठेवायची घोडी वापरतात. तिच्यावर चूक अधिक स्पष्ट दिसते. चूक दिसली की पाते न काढता नळी पुन्हा उबवून पाव फेरा वळवतात आणि परत फिरवून पाहतात. काडीच्या टोकातली आणि नळीतली अशा दोन बारीक चुका कधी एकमेकींत मिळतात, तर कधी एकमेकींना खोडतात, म्हणून चार बाजू तपासून सर्वांत शांत फिरणारी जागा निवडायची. चारही बाजूंनी डगमग कायम राहिली तर दोष पात्याच्या नळीतच आहे, आणि ते पाते शिकारीला नेऊ नये.

दोन धारांचे पाते आडवे बसवावे की उभे, यावर मतभेद आहेत. जनावराच्या फासळ्यांमधून शिरायला आडवे बरे, असे जुने लोक मानत. बाण हवेत स्वतःभोवती फिरत असल्याने तो कोणत्या कोनात पोचेल हे सांगता येत नाही, त्यामुळे हे कारण टिकत नाही. नेम धरताना नजरेत कमी येते म्हणून उभे पाते पसंत करणारेही आहेत. आपल्या सगळ्या बाणांवर ते एकाच दिशेने असावे, यावर मात्र दुमत नाही.

ॲल्युमिनियम व कार्बन काड्यांत पाते आट्यांनी बसते. तिथे काडीच्या आत बसवलेल्या, आटे असलेल्या नळीचे तोंड काटकोनात घासलेले हवे.

धार. नव्या पात्याची कारखान्यातली धार वापरण्याजोगी असतेच असे नाही. पहिले काम कोन ठरवणे. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी २० ते २५ अंश हा रूढ कोन आहे. त्याहून बारीक धार हाडावर मुडपते. उताराला मार्करची शाई फासून एक हलका घास मारला की कानस कुठे टेकते ते कळते. शाई फक्त वरच्या भागात गेली तर कोन फार सपाट आहे, फक्त कडेला गेली तर फार उभा.

कानस एकेरी दात्यांची, आठ किंवा दहा इंची, नवी आणि कोरडी असावी. दात्यांत खडू घासला की भुसा अडकत नाही. कानस पुढे जातानाच कापते, म्हणून मागे आणताना ती उचलायची. हात सारख्या दाबाने, पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत एका ओघात जायला हवा. मधेच थांबले की तिथे खळगा पडतो. काही वेळाने दुसऱ्या बाजूला कड वळून येते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. अंगठ्याचे पेर कडेवरून आडवे, बाहेरच्या दिशेने सरकवले की ती खरखरीत लागते. पूर्ण लांबीभर बर लागेपर्यंत बाजू बदलू नये. धार न चढण्याचे सर्वांत मोठे कारण हाच उतावीळपणा आहे. दोन्ही बाजूंचा बर तयार झाला की दाब कमी करत, बाजू आलटूनपालटून, तो उतरवत आणायचा. रॉकवेल मापावर ५५ च्या पुढे कडक असलेल्या पोलादावर कानस नीट चावत नाही. त्याला हिऱ्याच्या पुडीचा दगड लागतो.

तीन धारांच्या पात्याची गंमत वेगळी. त्याच्या दोन धारा एकाच वेळी सपाट कानशीवर किंवा दगडावर पडतात, त्यामुळे कोन आपोआप राखला जातो. धार ६० अंशांची, म्हणजे जाड, पण मजबूत होते. एकाच बाजूने घासलेल्या पात्यात उतार आणि पिसांचा पीळ बाणाला एकाच दिशेने फिरवणारे हवेत : उजव्या पंखाच्या पिसांना उजवा उतार, डाव्याला डावा. असे पाते हाडात फिरून त्याला चीर पाडते, असे त्याचे समर्थक सांगतात. हरणासारख्या मध्यम जनावरासाठी याने किती फरक पडतो, हे वादाचे आहे.

कानशीवरच थांबायचे की पुढे जायचे, हा या विद्येतला जुना वाद. हिलच्या परंपरेतले लोक कानशीची सूक्ष्म दातेरी कड करवतीसारखी कापते म्हणून ती तशीच ठेवतात. ॲशबी आणि इतर अनेक जण अर्कान्सासच्या निसण्यावर घासून, शेवटी पॉलिश फासलेल्या चामड्यावर उलट्या दिशेने ओढून, आरशासारखी कड करतात. गुळगुळीत कापलेल्या जखमेत रक्त गोठायला उशीर लागतो, फाटलेल्या जखमेत ते लवकर गोठते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शल्यचिकित्सेचा अनुभवही त्याच बाजूला झुकतो, आणि या नोंदीचाही कल गुळगुळीत धारेकडे आहे.

तपासायला हातावरचे केस उतरतात का ते पाहतात. त्याहून खरी परीक्षा रबरबँडची : तो दोन खिळ्यांत सैल ताणून त्यावर पाते हलकेच टेकवावे. धार लागलेली असेल तर तो स्पर्शासरशी तुटतो, नसेल तर नुसता खाली दबतो. रबर रक्तवाहिनीसारखे सरकते, म्हणून ही कसोटी कागद कापून पाहण्यापेक्षा विश्वासाची आहे. सरावाच्या फोममध्ये किंवा मातीत एकदा गेलेले पाते बोथट समजावे. धार लावताना धातू जातो, म्हणून शेवटी सगळी पाती वजनकाट्यावर सारखी करावीत. १२५ ग्रेन, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, हे रूढ वजन आहे.

निगा. व्हॅसलिनचा किंवा तेलाचा पातळ थर द्यावा. भाता झाकणाचा हवा. पाती एकमेकांना घासू देऊ नयेत.

भारतीय संदर्भ. १३६३ मधील शार्ङ्गधरपद्धती या संस्कृत संग्रहातील धनुर्वेदाच्या भागात आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी बाणाग्रांची नावे आकारानुसार दिली आहेत. त्यांपैकी क्षुरप्र आणि अर्धचंद्र ही कापणारी पाती. सातपुड्यातील भिल्लांच्या तिरकामठ्याच्या बाणांना सपाट लोखंडी पाती असत.

कायदा. अमेरिकेत अनेक राज्यांनी पात्याची किमान रुंदी पाऊण इंचाहून थोडी अधिक, ७/८ इंच, ठरवली आहे. काही राज्यांत उलट्या काट्यांची पाती निषिद्ध आहेत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यास बंदी आहे. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि संरक्षित वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. इथल्या तिरंदाजाने या कारागिरीचा उपयोग निर्जीव लक्ष्यापुरताच करायचा आहे.