पाकीट तेच, रोल दुसरा

आमच्या गावाला दोन नावं आहेत. कागदोपत्री शिरूर, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही घोडनदी. नावं दोन, गाव एकच. आज मात्र उलटी गोष्ट सांगणार आहे: नाव एक, आणि आतला माल दोन तऱ्हांचा. गोष्ट आहे कृष्णधवल फोटोच्या रोलची.

गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून एक रोल घेऊन आला. पाकिटावर लिहिलेलं, ‘आग्फाफोटो एपीएक्स १००’. म्हणाला, “मामू, नानीच्या फोटोसारखा तुमचा फोटो काढतो.” माझ्या अम्मीचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला. १९८४ साली, हजच्या कागदपत्रांसाठी, गावातल्याच स्टुडिओत.

आग्फा हे आमच्या पिढीच्या घरातलं नाव. बडोद्याला तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा लग्नकार्यात कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असायचाच. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. पण या नावाची हकिगत सरळ नाही.

आग्फा ही मूळची रंग बनवणारी जर्मन कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली. वोल्फेनचा फिल्मचा कारखाना पूर्वेत गेला, लेव्हरकुसेनचा पश्चिमेत राहिला. काही वर्षं दोघंही आग्फाच म्हणवून घेत होते. १९६४ साली वोल्फेनवाल्यांनी नवं नाव घेतलं, ‘ओर्वो’, म्हणजे अस्सल वोल्फेनचा. कारखाना तोच, फक्त पाकीट बदललं. हा ओर्वो आपल्याकडे स्टुडिओंत आणि सिनेमांतही खूप चालला. अम्मीचा फोटो त्याच्यावरच निघाला होता. जोडीला उटीच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ही असे.

लेव्हरकुसेनच्या एपीएक्स १००ची गत पुढे निराळी झाली. डिजिटल कॅमेरे आले आणि २००५ साली आग्फाफोटो कंपनीचं दिवाळं निघालं. कारखाना थांबला. उरलेली मोठी भेंडोळी कापून त्यांतला काही माल ‘रोलाय रेट्रो १००’ या नावानं विकला गेला. म्हणजे जुनाच माल, नाव नवं. मग २०१३च्या सुमारास एपीएक्स १०० पुन्हा बाजारात आला. पण तो दुसऱ्या कारखान्यातला, दुसऱ्या लेपाचा. नाव जुनं, माल नवा!

फरक कसला? फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीच्या क्षारांचे बारीक कण. ‘१००’ हा आकडा सांगतो, फिल्मला किती उजेड लागतो एवढंच. कण कसे आहेत, सावलीत किती तपशील उतरतो, करड्या रंगाच्या किती छटा मिळतात, हे त्या आकड्यात नसतं. शिवाय लेप बदलला की रोल धुण्याची मिनिटंही बदलतात. जपानच्या फुजीनं २०१८ साली ‘अॅक्रॉस’ बंद केला आणि २०१९ साली पुन्हा आणला, तेव्हा नावापुढे दोनचा आकडा घातला. निदान गिऱ्हाईक सावध होतं.

आमच्या स्टुडिओवाल्या काकांनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या अंधारखोलीच्या भिंतीवर प्रत्येक रोलची मिनिटं पेन्सिलनं लिहिलेली आहेत. भाच्यानं ‘एपीएक्स’ची ओळ शोधली आणि तो कामाला लागणार, एवढ्यात काका म्हणाले, “थांब. ती मिनिटं जुन्या रोलची. पाकीट वाचू नकोस. पहिले तीन-चार फोटो असेच काढ, तेवढा तुकडा काप आणि आधी धुऊन बघ.”

तसंच केलं. दोन तुकडे धुतल्यावर मिनिटं जमली आणि माझा फोटो चांगला आला. आता तो अम्मीच्या फोटोशेजारी लावला आहे. दोन्हींतला करडा रंग सारखा नाही. तिच्या ओढणीची सावली मऊ, माझ्या टोपीची जरा कडक. नवा रोल वाईट नाही. वेगळा आहे.

मी चाळीस वर्षं मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात माझं नाव पुकारलं की कुणीतरी हमखास विचारतं, “आपण उर्दूत लिहिता का?” पूर्वी मला राग यायचा. हल्ली मी काकांचं वाक्य सांगतो: पाकीट वाचू नका, तुकडा धुऊन बघा.